तेलाची गुळणी आणि बाटलीवरची चिठ्ठी

आमचे तीर्थरूप वडील रोज प्रातःकाळी चमचाभर तिळाचे तेल तोंडात धरून ओसरीवर बसत. तेवढ्या वेळात कोणी गव्हाचा भाव विचारला, तर उत्तर बोटांनीच मिळे. तो परिपाठ आम्हीही चालविला आहे. तोंड स्वच्छ राहते, हिवाळ्यात ओठ फुटत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. म्हणून पुढील मजकूर या प्रथेच्या द्वेषाने लिहिलेला नाही, हे सभासद बंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.

गेल्या दिवाळीत भंवरकुआं येथील आमच्या घरी तिळतेलाची एक बाटली भेट आली. तिच्यावरील चिठ्ठीत मधुमेह, हृदयविकार व संधिवात, या सर्वांवर गुळणीचा उतारा लिहिला होता. विकणारा आपल्यापैकीच, ही खेदाची गोष्ट.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, तेलाच्या गंडूषाचे गुण सांगितले आहेत. जबड्यास व स्वरास बळ, अन्नास रुची, घसा न सुकणे, दात दृढ होणे, असे ते आहेत. वाग्भटाने भेदही केला आहे: द्रव हलविता येऊ नये इतके तोंड भरणे तो गंडूष, खळखळविता येतो तो कवल. मधुमेहाचे त्या गुणांत नाव नाही. अलीकडे, 2009 साली, हिरड्या सुजलेल्या 20 मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. 10 दिवस तिळतेल वापरणाऱ्यांच्या दातांवरील कीट व सूज कमी झाली. लाभ खरा; परंतु त्यावरून साऱ्या शरीराचा हिशेब मांडणे म्हणजे एका पोत्याचा नमुना पाहून अख्खी वखार घेणे होय.

आम्ही स्वतः ही चूक केली आहे. दाढ किडली असता दोन महिने तेलावर विसंबलो. अखेर ती काढावीच लागली. तेल लावल्याने किडलेले धान्य पुन्हा भरत नाही, हे धान्याच्या व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको होते. ठसका लागणाऱ्या वृद्धांस व लहान मुलांस तर गुळणी देऊच नये. तेल फुप्फुसात जाऊन न्युमोनिया झाल्याच्या नोंदी आहेत. नवकारशीचे पच्चक्खाण असणाऱ्यांनी सूर्योदयानंतरची 48 मिनिटे तेल तोंडात घ्यावे काय, हे महाराजसाहेबांस विचारावे. आम्ही तो वेळ टळल्यावरच घेतो. थुंकलेले तेल मोरीत न टाकता राखेत टाकावे. मोरी तुंबत नाही आणि त्यात मुंग्या अडकून मरत नाहीत.

आता व्यापाराविषयी. अशा रोगांवर उपाय म्हणून जाहिरात करणे 1954 च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. दंड भरता येईल. पण इन्सुलिन सोडून त्या चिठ्ठीवर विसंबणाऱ्या गिऱ्हाइकाचे काय? शिवाय आपला माळवा सोयाबीनचा. तिळाच्या बाटलीत सोयाचे तेल नाही, एवढी खात्री दिली तरी पुष्कळ झाले. बाटलीवर तेलाची जात, वजन, गाळल्याची तारीख व किंमत यांपलीकडे, कायदा सांगेल तेवढेच छापावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत.