'बेस्ट लूजर' नावाचा पॅच

मॉरिशस म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: हनिमून पॅकेज आणि पेपरातल्या बिझनेस पानावरचा तो 'मॉरिशस रूट'. फार तर एखाद्याला हे माहीत असतं की तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकवतात. १९व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांचे वंशज आहेत ना तिथे! पण मला त्या देशातली सगळ्यात भन्नाट गोष्ट वाटते ती तिथली निवडणूक पद्धत. साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे आपल्या नाशिक शहराहून कमीच. पण राज्यघटनेत चक्क एक अल्गोरिदम लिहून ठेवलाय.

आधी सोपा भाग. संसद एकाच सभागृहाची. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ खासदार. रॉड्रिग्ज बेटावरून २. एकूण ६२. मतदाराने तीन मतं द्यायची, आणि तिन्ही द्यायचीच, नाहीतर मतपत्रिका बाद.

आता गंमत. या ६२ शिवाय जास्तीत जास्त ८ जागा हरलेल्या उमेदवारांना मिळतात. नाव अगदी सरळ: 'बेस्ट लूजर सिस्टीम'. घटनेने लोकांचे चार समाज ठरवलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन'. शेवटच्याची व्याख्या काय? जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो. आपल्या भाषेत सांगायचं तर 'एल्स' ब्लॉक. तिथला मराठी, तमिळ, तेलुगू माणूस या हिशेबात 'हिंदू' म्हणून मोजला जातो.

प्रत्येक उमेदवाराला अर्जात आपला समाज लिहावा लागतो. निकालानंतर प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची आणि तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या जागा अधिक एक, या आकड्याने भागायचं. ज्याचा भागाकार मोठा त्याला जागा, आणि ती त्या समाजातल्या सगळ्यात चांगली मतं मिळवून हरलेल्या उमेदवाराला. पहिल्या ४ जागा अशा वाटायच्या. उरलेल्या ४ वाटताना समाजाबरोबर पक्षही बघायचा, म्हणजे पक्षांचं बलाबल बिघडत नाही.

हे कुणाच्या डोक्यातून आलं असं वाटेल, पण तेव्हाची परिस्थिती बघा. १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला ४० टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती अल्पसंख्याकांना होती. १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत जातीय दंगली झाल्या होत्या. अशा वेळी "तुम्ही हरलात तरी संसदेत तुमचा माणूस असेल" हे वचन घटनेत असणं ही लहान गोष्ट नव्हती. पॅच होता, पण प्रॉडक्शन वाचवणारा पॅच.

अडचण पुढे झाली. समाजाची नोंद करणारी शेवटची जनगणना १९७२ची. लोकांना असं विभागून मोजायला नको, म्हणून १९८२मध्ये तो प्रश्नच जनगणनेतून काढून टाकला. विचार चांगलाच, पण फॉर्म्युला तसाच राहिला! म्हणजे इनपुट बंद केला आणि जुनी व्हॅल्यू हार्डकोड केली. आजही जागा वाटायच्या त्या १९७२च्या आकड्यांवर.

'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव' या डाव्या पक्षाच्या लोकांनी अर्जात समाज लिहायला नकार दिला, त्यांचे अर्ज बाद झाले, आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. २०१२मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं: ताजे आकडेच नसताना ही सक्ती मनमानी आहे. मग २०१४च्या निवडणुकीपुरती सक्ती काढली. फक्त तेवढ्या एकाच निवडणुकीपुरती. २०१९ला पुन्हा होती तशी.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, काढून टाका ना ही भानगड! मला तसं वाटत नाही. निदान नुसती काढून टाकू नये.

कारण खरा बग दुसरीकडेच आहे. १९८२, १९९५ आणि २०२४. या तिन्ही निवडणुकांत एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या, आणि मतं होती साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात. म्हणजे दर तीन मतदारांतल्या एकाच्या मताची थेट निवडून आलेली किंमत शून्य. अशा वेळी संसदेत विरोधी बाकावर जी काही मोजकी डोकी दिसतात त्यात हे 'बेस्ट लूजर' असतात. पॅच काढला आणि बग तसाच ठेवला तर काय होतं, हे सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको :)

उपाय माहीत नाही असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२मध्येच मतांच्या प्रमाणात ३० जागा वाढवायला सांगितलं होतं. २०१८मध्ये सरकारने 'बेस्ट लूजर' काढून प्रमाणशीर जागा आणायचं विधेयक मांडलं, पण तीन चतुर्थांश बहुमत जमलं नाही. आणि ज्याच्याकडे ६० जागा असतात त्याला बहुमत जमतं, पण ज्या पद्धतीने त्या ६० मिळवून दिल्या ती बदलायची घाई त्याला कशाला असेल? स्वातंत्र्यापासून २०२४च्या निकालापर्यंत पॉल बेराँजे यांची २००३ ते २००५ ही दोन वर्षं सोडली, तर पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांत फिरलं आहे. ते उगाच नाही.

माझं मत विचाराल तर क्रम महत्त्वाचा. आधी मतांच्या प्रमाणात जागा द्या, म्हणजे हरलेल्या तिसऱ्या हिश्श्याला संसदेत तोंड मिळेल. मग अर्जातला तो रकाना खोडा. उलट क्रमाने केलं तर अल्पसंख्याकांना एवढंच दिसेल, की १९६८ला दिलेलं वचन काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही. आणि छोट्या बेटावर राग धरून बसलेला शेजारी फार लांब राहत नाही.