कासवाच्या पायावरचा नंबर आणि आपली नोंदवही

आपल्याकडे महादेवाच्या देवळात गेले की गाभाऱ्याच्या अलीकडे दगडी कासव दिसते. त्याला हात लावून आपण पुढे जातो. पण समुद्रातले जिते कासव आपल्या नारायणगड परिसरातील किती जणांनी पाहिले असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. आपल्यापासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक लांब. तेव्हा आज या पानावर समुद्राचा विषय कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्याच बांधावर येऊन थांबतो.

मागे एकदा फेब्रुवारीच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलीबरोबर मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेलो होतो. आंबा-काजू पाहून झाल्यावर एक दिवस सवड होती, म्हणून मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो. हे नाना फडणवीसांचे गाव. किनाऱ्यावर जाळी लावून जागा बंदिस्त केलेली आणि आत वाळूत कासवाची घरटी. प्रत्येक घरट्यावर पाटी, पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. आपण बियाण्याच्या प्लॉटवर पाटी लावतो ना, अगदी तशी. सकाळी उपडी घातलेली टोपली उचलली, तर खाली मुठीएवढी पिल्ले वळवळत होती. वाळूवर सोडताच ती थेट पाण्याकडे निघाली. आमच्यातल्या एका माळकरी बाबांनी हात जोडले. दुसरे एक काका मात्र रोखठोक. ते म्हणाले, "साहेब, समदं ठीक हाय. पण अंडी मोजून अन् तारखा लिहून यांना मिळतंय काय? अन् आपल्याला दर्याचं काय करायचंय?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसे गेली होती ती समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी. तिथे त्यांना कासवाची घरटी उकरून अंडी नेलेली दिसली. त्यातून गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखणीचे काम सुरू झाले. पुढे वनखाते आले आणि किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कासवमित्र नेमले गेले. हे कासवमित्र म्हणजे कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हेत, तुमच्या-आमच्यासारखी गावातली माणसे. भल्या पहाटे किनारा चालायचा. मादीच्या पायांची खूण दिसली की घरटे शोधायचे. अंडी मोजून सुरक्षित जागी, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. मग लिहायचे : कोणत्या तारखेला, कुठे, किती अंडी, किती दिवसांनी किती पिल्ले निघाली, किती वाया गेली.

हे लिहिण्याचा उपयोग काय? ऑलिव्ह रिडले जातीची मादी एका वेळी साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात. म्हणजे ऊन वाढत गेले तर पुढे कासवांच्या वंशाचे काय होईल, याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या नोंदींवरूनच बांधता येतो. एका वर्षाच्या नोंदीने काही कळत नाही. वीस वर्षांची वही लागते, आणि मधले एक पान कोरे राहिले तर ते नंतर भरता येत नाही.

आता नंबराची गोष्ट. २०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावर पाच कासवांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. पहिली वेळासची, तिचे नाव ‘प्रथमा’. कासव श्वास घ्यायला वर आले की यंत्र ठिकाण कळवते. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र लावलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पण मला जास्त मोलाची वाटते ती यंत्र नसलेली कासवी. २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला तिच्या पुढच्या पायाला धातूची एक छोटी पट्टी लावली होती, नंबर ०३२३३. चार वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरची कासवी साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून पश्चिमेला अंडी घालते, हे कशामुळे कळले? ओडिशात एका माणसाने नंबर नीट लिहून ठेवला आणि गुहागरात दुसऱ्याने तो नीट वाचून कळवला. दोघांपैकी एकाने जरी ‘जाऊ दे, कोण बघतंय’ म्हटले असते, तर ही गोष्ट जगाला कधीच कळली नसती.

मच्छीमारांचेही तसेच. कासव, देवमासा यांसारखे संरक्षित प्राणी जाळ्यात अडकले तर पूर्वी बरेचदा जाळे वाचायचे आणि जीव जायचा. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात जाळे कापून असा प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटोचा पुरावा हवा. त्यामुळे प्राणी तर वाचतोच, शिवाय कोणता प्राणी कोणत्या महिन्यात कुठे सापडला याची नोंदही सरकारजमा होते. मच्छीमाराच्या पोटाचा विचार केला म्हणून नोंद मिळाली, हे ध्यानात घ्या.

अन् मासे कसे मोजतात? समुद्रातला प्रत्येक मासा कोणी मोजू शकत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे बंदरावर जातात. चिठ्ठी टाकावी तसे काही दिवस आणि काही होड्या निवडतात, त्यांतला मासा जातवार मोजतात आणि त्यावरून किनाऱ्याचा अंदाज काढतात. ओळखीचे वाटते ना? आपला पीक कापणी प्रयोग याच तत्त्वावर चालतो. चिठ्ठीने गट निवडायचा, ठरलेल्या मापाचा प्लॉट आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचे. ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हे नाव मोठे. हा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. निवड चिठ्ठीने का, तर आपल्या सोयीचे शेत किंवा सोयीची होडी निवडली की आकडा खोटा बोलू लागतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीला नवीन असताना एका गावात (नाव सांगत नाही) सोयाबीनच्या कापणी प्रयोगाला गेलो होतो. चिठ्ठीत निघालेला गट ओढ्यापलीकडे. पाऊस झालेला, चिखल, वर दिवस मावळतीला. सोबतचे म्हणाले, "रस्त्याकडंचंच रान घेऊ, काय फरक पडतोय." रस्त्याकडचे रान विहिरीच्या पाण्याचे, झाडाला शेंगा लगडलेल्या. मी मान हलवली. आकडा कागदावर गेला. पुढे ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, माझ्या रानात कवा आलता?" मी खाली पाहिले. त्या मंडळाला त्या वर्षी किती भरपाई मिळायला हवी होती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. कारण खरा आकडा कोणी घेतलाच नाही. गेलेला हंगाम पुन्हा कापता येत नाही.

२०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात पीक विम्याच्या भरपाईचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोगातून निघणारे उत्पन्नच आहे. एक रुपयाचा विमा गेला, आता हिस्सा आपल्या खिशातून जातो. म्हणजे नोंद खोटी झाली तर दुहेरी मार.

म्हणून माझे सांगणे दोघांना आहे. कृषी खात्यातले माझे सहकारी, आणि ज्यांना आपण अजूनही तलाठी, ग्रामसेवक म्हणतो ते बंधू, यांना विनंती : चिठ्ठीत निघालेल्या गटातच जा, ओढा ओलांडावा लागला तरी. आता ॲपवर फोटो आणि ठिकाण लागते हे खरे, पण ॲप माणसाला प्रामाणिक करीत नाही. आणि शेतकरी बंधूंनो, प्रयोगाच्या दिवशी घरी बसू नका. प्लॉट आखताना उभे राहा, वजन डोळ्यांनी बघा, आकडा आपल्या वहीत टिपा. गावात पाऊस किती पडला, विहिरीला पाणी किती हात, हेही लिहून ठेवा. पाऊस न पडलेल्या दिवसाचीही नोंद करा. दुष्काळात तीच नोंद कामी येते.

त्या काकांना आज मी एवढेच म्हणेन : काका, दर्याकाठचा माणूस पहाटे उठून दुसऱ्याच्या लेकरांची, तीही कासवाच्या, खरी मोजदाद करतो. आपल्याला तर फक्त आपल्या पोत्यांची करायची आहे.