सोने गाळण्याचा धडा अर्धाच शिकवू नका

शिक्षक मित्रहो, पालकहो, परातीत वाळू, पाणी आणि सायकलचे छर्रे घालून मुलांना हलवायला सांगा. हलकी वाळू पाण्याबरोबर वाहून जाते, जड छर्रे तळाशी राहतात. सोनं तर त्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा सुमारे सातपट जड! कॅलिफोर्नियाच्या नद्यांत हौशी लोक आजही असंच सोनं शोधतात.

पण इथेच थांबू नका. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे जेम्स मार्शलला सोनं सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ३ लाख माणसं तिकडे धावली. मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, हजारो मारले गेले. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा अजूनही तिथल्या नद्यांच्या गाळात आहे.

मुलं लहान आहेत म्हणून हे लपवू नये, असं मला वाटतं. ‘सोनं कोणाला मिळालं आणि कोणाचं काय गेलं?’ हा प्रश्न वर्गात नक्की विचारा.