घर पणजीच्या माहेराकडून शोधावं

अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनात रुजलेल्या इटालियन कुटुंबांची पतवंडं आपलं मूळ घर शोधायला निघतात तेव्हा बहुतेकांच्या हाती एकच धागा असतो : आडनाव. १८८० ते १९१५ या काळात सुमारे सव्वा कोटी माणसं इटलीतून बाहेर पडली, त्यामुळे हा शोध घेणाऱ्यांची संख्याही अफाट आहे. इटलीच्या सरकारनं २०२४ हे ‘मुळांचं वर्ष’ म्हणून साजरं केलं, आणि सरकारी अभिलेखागारांच्या ‘आन्तेनाती’ या संकेतस्थळावर जन्म-विवाह-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या घरबसल्या फुकट पाहता येतात. साधनं अशी हाताशी आली, तरी शोधाची वाट मात्र जुनीच राहिली. गावात जायचं, पणजोबांच्या आडनावाचं दार विचारायचं, आणि कुणी बोट दाखवेल त्या घरासमोर उभं राहून फोटो काढायचा. माझं म्हणणं असं आहे की, निदान दक्षिण इटलीत तरी ही वाट अनेकदा चुकीच्या दाराशी नेते. तिथलं घर शोधायचं तर पणजोबांआधी पणजीचं माहेर शोधायला हवं.

याचं कारण तिथल्या हुंड्याच्या रिवाजात आहे. बाझिलिकाता प्रांतातल्या पिस्तिच्ची या गावाचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ जॉन डेव्हिस यांनी १९७३ साली ग्रंथरूपानं प्रसिद्ध केला. त्यात दिसतं ते असं की, घर लग्नात मुलीला दिलं जाई. नवरा बायकोच्या घरी राहायला येई आणि आळीत शेजारपाजार बहुधा बायकोच्या नात्यातला असे. आता अशा गावातून पणजोबा जहाजानं न्यूयॉर्कला गेले असतील, तर त्यांनी मागे सोडलेलं घर त्यांच्या आडनावाचं कसं असेल? ते सासुरवाडीचं होतं आणि पुढेही लेकींच्याच हाती गेलं असणार. आडनावाच्या मागे जाणारा माणूस त्या घरावरून चालत जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. हा रिवाज एका गावापुरता नव्हता. नेपल्सच्या राज्यात १७४१ नंतर करआकारणीसाठी ‘कातास्तो ओन्चारियो’ नावाची पाहणी झाली. तिच्यात कुटुंबातल्या माणसांची नावं, वयं, धंदे लिहिले आहेत आणि ते स्वतःच्या घरात राहतात की भाड्याच्या, हेही. काही नोंदींत तर बायकोच्या हुंड्यात आलेल्या घरात राहतात, असं स्पष्ट म्हटलं आहे. विधवा आणि अविवाहित स्त्रियांचा तिथे वेगळा वर्ग केलेला असे.

बायकांचा माग कागदावर सापडत नाही, अशी शंका आपल्याकडच्या वाचकाला सहज येईल. आपल्या कित्येक वंशावळींत लेकी-सुनांची नावंच नसतात, आणि लग्नात आडनावच काय, नावही बदलण्याची चाल होती. इटलीत उलट आहे. तिथे लग्नानंतरही कागदोपत्री बाई माहेरच्याच आडनावानं राहते. दक्षिणेत मुख्य भूमीवर १८०९पासून आणि सिसिलीत १८२०पासून मुलकी नोंदणी सुरू झाली. त्यातली एखादी जन्मनोंद उघडून पाहावी : बाप कोण, त्याचं वय नि धंदा काय, आईचं माहेरचं आडनाव काय, आणि मूल कोणत्या रस्त्यावरच्या घरात जन्मलं. लग्नाच्या नोंदीमागे जोडपत्रांचा गठ्ठा असतो आणि त्यात कधी कधी आजोबांचे मृत्यूचे दाखलेही मिळतात. त्याहून मोलाचे नोटरीचे दस्त. हुंड्याचा करार नोटरीपुढे होई, आणि शंभर वर्षांहून जुने दस्त सरकारी अभिलेखागारात जातात. अशा दस्तात घराच्या खोल्या आणि चतुःसीमा लिहिलेल्या असतात : एका बाजूला अमक्याचं घर, दुसऱ्या बाजूला तमक्याचं, समोर रस्ता. रस्त्यांची नावं पुढे बदलली. १९३१ साली फॅसिस्ट सरकारनं गावोगावी एका मुख्य रस्त्याला रोमचं नाव द्यायला लावलं. त्यामुळे जुना पत्ता फसवू शकतो. शेजाऱ्यांची नावं मात्र पडताळून पाहता येतात.

मी दक्षिणेवरून सगळ्या इटलीचा निष्कर्ष काढतो आहे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तोस्कानात अर्धेलीनं जमीन कसणाऱ्या कुटुंबाचं घर मालकाचं असे. करार संपला की कुटुंब बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शेतावर जाई. नवे अर्धेलीचे करार १९६४ साली कायद्यानं बंद झाले. तिथे पणजीकडूनही घर मिळणार नाही आणि पणजोबांकडूनही नाही, कारण ते त्या दोघांचंही नव्हतं. म्हणून आधी त्या मुलखात घर कुणाला मिळत असे हे विचारावं आणि मग नोंदवही उघडावी. आडनावाला चिकटलेला माणूस नेमका हाच प्रश्न विचारत नाही.

आडनावाचा हट्ट आला कुठून? माझ्या मते तो बराचसा पासपोर्टाच्या खटपटीतून आला. १९४८पूर्वी जन्मलेल्यांना आईकडून इटालियन नागरिकत्व मिळत नसे, कोर्टात गेल्याशिवाय ते कचेरीत मान्य होत नसे. साहजिकच तीन पिढ्यांचे कागद पुरुषांच्या ओळीनं गोळा झाले आणि लोक त्यालाच घराण्याचा इतिहास समजू लागले. २०२५च्या कायद्यानं आता वंशावरून नागरिकत्व मिळण्याचा हक्क मुख्यतः आई-वडील वा आजी-आजोबांपर्यंत आणून ठेवला. त्यावर अनेकजण हळहळतात की, पासपोर्टच मिळणार नसेल तर पणजीच्या गावाला जाऊन करायचं काय? ज्यांनी वर्षानुवर्षं कागद जमवले त्यांचं दुःख खरं आहे, ते मी हलकं करत नाही. पण त्या कायद्यानं एक बेडीही तुटली आहे. पणजोबांपर्यंतची ओळ आता कचेरीला दाखवायचीच नाही, त्यामुळे ती सरळ पुरुषांची असण्याची गरज उरलेली नाही.

राहिला प्रश्न भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावांचा, जिथे घरच उरलेलं नाही. १९६८च्या भूकंपात सिसिलीतलं जिबेल्लिना उद्ध्वस्त झालं आणि गाव दूरवर नव्यानं वसवलं गेलं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांनी पांढऱ्या सिमेंटचं विराट शिल्प उभारलं. जुन्या गल्ल्यांच्या जागी त्यात भेगांसारख्या वाटा आहेत. तिथे दार सापडणं शक्य नाही. पण एखाद्या मुलीला लग्नात मिळालेल्या घराचा दस्त अभिलेखागारात शाबूत असेल, तर त्या घराला खोल्या किती होत्या आणि भिंतीपलीकडे कोण राहत होतं हे आजही कळू शकतं. त्यासाठी अर्जावर पणजोबांऐवजी तिचं आणि तिच्या बापाचं नाव लिहावं लागेल, आणि तिच्या लग्नाचं वर्ष.