पुनरुक्ती म्हणजे प्रमाण नव्हे!

एखादे विधान शंभर ठिकाणी छापले गेले म्हणजे ते सत्य ठरते काय? ‘नाही’, असेच कोणीही सुबुद्ध मनुष्य म्हणेल. मात्र यंत्राला शहाणे करू निघालेल्यांना हा प्रश्न टाळता आलेला नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रा. टॉम मिचेल यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नावाची संगणकप्रणाली सुरू झाली. रात्रंदिवस इंटरनेटवरील इंग्रजी पाने वाचायची आणि त्यांतून तथ्ये वेचायची, हे तिचे काम. शेकडो वर्गांची मोजकी उदाहरणे तिला आरंभी देण्यात आली; ती ज्या वाक्यरचनेत आढळत, तशाच रचनेतील नवी नावे ती त्या वर्गात घाली. २०१५ पर्यंत तिच्या भांडारात आठ कोटींहून अधिक विधाने जमली. प्रत्येकापुढे विश्वासार्हतेचा आकडा!

आणि या पंडिताची मजल कुठवर गेली? संगणकातील ‘इंटरनेट कुकी’ला तिने बेकरीतील बिस्किटांच्या पंक्तीत बसविले. कुकी पुसून टाकतात, फाइलही पुसून टाकतात. म्हणून फाइल हाही बेकरीचाच पदार्थ! एका चुकीवर दुसरी रचली गेली. अखेर संशोधकांना वेळोवेळी स्वहस्ते चुका निस्तराव्या लागल्या. यंत्राच्या स्वयंशिक्षणाची ही मर्यादा त्यांनी प्रांजळपणे मान्य केली, हे त्यांचे श्रेय. परंतु मर्यादा ती मर्यादाच.

गौतमांच्या न्यायदर्शनाने शब्दालाही प्रमाण मानले आहे. पण तो शब्द आप्ताचा, म्हणजे विषय यथार्थ जाणणाऱ्या आणि जाणले तसेच सांगणाऱ्याचा असला पाहिजे. आप्त कोण आणि वाचाळ कोण, हा विवेक वारंवारिता मोजणाऱ्या यंत्राने कोठून आणावा?

आज हा प्रश्न एका प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. इंटरनेटवरील अफाट मजकुरावर घडविलेल्या यंत्रांना आता शाळकरी मुलेही इतिहास विचारतात. त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा नगण्य. मग आपले गड, आपले संत, आपली ग्रामदैवते यांविषयी यंत्र सांगणार ते परक्यांनी लिहिलेलेच! याबद्दल नुसता संताप व्यक्त करून काय साधणार? ज्ञानकोशकार केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाची धुरा वाहिली. त्या काळी ना घरोघरी संगणक होते, ना इंटरनेट. त्यांच्या वारसांनी मात्र आलेला संदेश न तपासता पुढे ढकलण्यात धन्यता मानावी? असत्य आपल्या बाजूचे असले तरी ते असत्यच. आणि यंत्र तेही तितक्याच निष्ठेने पाठ करते.

म्हणून गावोगावच्या शिक्षकांनी, अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या परिसराची माहिती साधार, सप्रमाण मराठीत लिहून सर्वांसाठी खुली केली पाहिजे. आप्तांनी मौन धरले, तर उद्याचे यंत्र वाचाळांचेच शिष्य होईल.