परवाना बंदुकीचा, प्रश्न संरक्षणाचा

गावात तंटा झाला, बौद्धवाड्याला धमकी आली, पोलीस तक्रार घ्यायला टाळाटाळ करू लागले, की तरुणांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : आपल्याला बंदुकीचा परवाना मिळेल का? हा प्रश्न उद्दामपणाचा नाही. ज्याचे घर वस्तीच्या कडेला आहे, घरात म्हातारे आईबाप आणि लहान मुले आहेत, त्याला रात्र कशी काढावी लागते हे त्यालाच ठाऊक. म्हणून या प्रश्नाचे कायदेशीर अंग आणि घरगुती अंग, दोन्ही आज आपण पाहू.

पहिली गोष्ट, शस्त्र बाळगणे हा आपल्या देशात मूलभूत हक्क नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र परवान्याखाली आणले, त्याचा राग स्वातंत्र्य चळवळीत होता. त्यामुळे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जावे आणि आडकाठीशिवाय हत्यार घ्यावे, अशा स्थितीत राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती नामंजूर झाली. मोकाट शस्त्रांच्या गावात पहिला बळी कोणाचा जाईल, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आज शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवे. पोलीस चौकशी होते. वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. पिस्तूल कमरेला उघडे लावून बाजारात फिरता येत नाही. ते आवरणात, पूर्ण झाकलेले असले पाहिजे. लग्नात, मिरवणुकीत बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच कायद्याच्या कलम १४ मधील एक तरतूद गरिबाने पाठ करावी : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वर अपील करता येते. ‘तुला कशाला बंदूक?’ हे कारण होत नाही.

पण आमच्या मते खरी कळ वेगळ्याच जागी आहे. अॅट्रॉसिटी कायद्याखालील १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेली ठिकाणे शासनाने आधी ओळखावीत, तेथे अधिकाऱ्यांनी भेट द्यावी, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की, गरज वाटल्यास अशा भागातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे आणि नोकरांचेही शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारजमा करावीत. बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. आणि जीवित व मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत.

क्रम ध्यानात घ्या. आधी धमकावणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढा, मग आपल्या हातात देण्याचा विचार. आपण मात्र शेवटचे वाक्य धरतो आणि आधीची सोडून देतो. १ डिसेंबर १९९७ रोजी बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेच्या बंदूकधाऱ्यांनी ५८ माणसे मारली, त्यांत बायका आणि मुलेही होती. पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये २६ आरोपींना निर्दोष सोडले. नियम ३ तेव्हा अमलात येऊन दोन वर्षे उलटली होती. त्या रात्री झोपडीत एखादी बंदूक असती तर काय झाले असते, हा वाद घालता येईल. मारेकऱ्यांच्या बंदुका आधीच काढून घेतल्या असत्या तर काय झाले असते, यात मात्र वाद नाही.

आता घरातले बोलू. बंदूक शत्रूसाठी आणली तरी ती राहते आपल्या माणसांत. दारू पिऊन घरी येणारा, कर्जाने खचलेला, परीक्षेत नापास झालेला, यांच्या हाताच्या अंतरावर ती असते. घरातील बाईला विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये, कारण कपाटाची किल्ली आणि मुलांवरची नजर तिलाच सांभाळावी लागते. शिवाय परवाना बाळगण्याचा असतो, झाडण्याचा नव्हे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. परवानाधारक वारला, तर वारसांनी ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. ट्रंकेत ठेवले तर वारसच गुन्हेगार ठरतो.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत भेद केला आहे. बंदूक मागणाऱ्याने आपण या दोहोंपैकी कुठे उभे आहोत, हे स्वतःशी तपासावे.

तरुणांना एक स्पष्ट सांगतो. गावठी कट्टा कमरेला लावणे, तलवारीने केक कापून फोटो फिरवणे, यात शौर्य नाही. विनापरवाना बंदुकीला निदान दोन वर्षांची कैद आहे. नोकरीच्या पडताळणीत हा गुन्हा आडवा येतो, आणि ज्यांना आपल्या मुलांची वाट अडवायची आहे त्यांचे काम आपणच करून देतो.

तेव्हा धमकी आली तर अर्ज एकट्याने करू नका. वस्तीतर्फे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना लेखी निवेदन द्या. त्यात नियम ३ चे नाव घ्या, धमकीची तारीख लिहा, गावात कोणाकडे शस्त्रे आहेत ते लिहा. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकीत तो विषय घ्यायला लावा. ही बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कलम १५ अ चा आधार घ्या. एवढे करूनही धोका टळत नसेल, तर परवान्याचा अर्ज जरूर करा. तो आपला हक्काचा अर्ज आहे. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. उद्या काही घडले, तर शासनाला आधी माहीत होते हे त्या पोचेवरूनच सिद्ध होईल.