गांधीलमाश्यांची राष्ट्रीय नोंद

कुंभारीण नावाची माशी ओल्या मातीचे बारीक गोळे वाहून आणते, भिंतीच्या कोपऱ्यात घरटे बांधते, त्यात अळ्या कोंबते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी त्याच घरट्यातून नवी कुंभारीण बाहेर पडते. हा प्रकार या देशातील लोकांनी फार प्राचीन काळी पाहिला होता. कोंडलेली अळी माशीचे अखंड ध्यान करते व त्या ध्यानाने स्वतःच माशी होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. कीटक-भृंगी न्याय या नावाने तो दृष्टान्त वेदान्ताच्या निरूपणात शतकानुशतके चालत आला. दृष्टान्त म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. अळी दंशाने लुळी केलेली असते, आणि माशीने तेथेच घातलेल्या अंड्यातून निघणाऱ्या पिलाचे ती अन्न असते. पाहणाऱ्याची दृष्टी तीक्ष्ण होती. घरटे फोडून, आतील जीव एकेक वेगळा करून, कोणता कोणाचा हे ठरविण्याचे काम मात्र राहून गेले होते. प्राण्यांचे सर्वेक्षण व वर्गीकरण म्हणजे हेच राहून गेलेले काम होय.

भारतात या कामाचे केंद्र कोलकाता हे शहर आहे. तेथील भारतीय संग्रहालयाची स्थापना १८१४ साली झाली, आणि त्याच्या प्राणिविभागातून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही स्वतंत्र संस्था जन्मास आली. डॉ. नेल्सन अ‍ॅनन्डेल हे तिचे पहिले संचालक. या संस्थेच्या कपाटांतून टाचणीला टोचलेल्या, अथवा टाचणीही सोसणार नाही इतक्या बारीक म्हणून कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर चिकटविलेल्या गांधीलमाश्या ठेवलेल्या असतात. प्रत्येकीखाली एक चिठ्ठी असते. तीवर स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली तर माशी निरुपयोगी ठरते; कारण कोठून व केव्हा आली हे सांगता न येणारा पुरावा शास्त्रात पुरावा मानला जात नाही.

गांधीलमाशी म्हटले की सामान्य माणसास पोळे व दंश एवढेच आठवते. परंतु पोळे करून राहणाऱ्या जाती या वर्गात थोड्या आहेत. बहुसंख्य जाती एकएकट्या राहतात, आणि त्यांतील फार मोठा भाग दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत, अळ्यांत किंवा कोशांत आपली अंडी घालून त्यांचा नाश करतो. काहींची लांबी अर्धा मिलिमीटरदेखील भरत नाही. हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूरच्या वनस्पती उद्यानात जो प्रसिद्ध महावटवृक्ष आहे, त्याच्या पारंब्यांचा विस्तार पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. वडाच्या फळात बी धरते ते युप्रिस्टिना मासोनी नावाच्या एका इवल्याशा गांधीलमाशीमुळे. ती फळात शिरून आतील फुलांचे परागण करते व तेथेच मरते. वड सर्वांस ठाऊक आहे. वडाचा वंश चालविणारी ही माशी क्वचितच कोणास ठाऊक असते.

अशा जीवांची यादी करण्यास प्रारंभ झाला तो इंग्रजी अमदानीत. कलकत्त्याजवळील बॅरकपूर येथे रॉथनी या संग्राहकाने पुष्कळ माश्या जमविल्या. पीटर कॅमेरॉन याने त्यांतील अनेकींची वर्णने इंग्लंडात बसून प्रसिद्ध केली. आणि चार्ल्स बिंगहॅम याने १८९७ साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत गांधीलमाश्या व मधमाश्या यांवर एक खंड लिहिला. तो खंड आजही अभ्यासकाच्या हाती असतो. परंतु त्या कामात एक उणीव राहिली. ज्या एका नमुन्यावरून जातीचे नाव प्रथम दिले जाते, त्यास मूळ नमुना म्हणतात. पुढे शंका आली की त्याच नमुन्याशी ताडून निर्णय करावा लागतो. भारतातील असंख्य जातींचे मूळ नमुने लंडन, ऑक्सफर्ड इत्यादी ठिकाणी गेले. कॅमेरॉनची वर्णने तर अनेकदा इतकी अपुरी आहेत की नमुना पाहिल्यावाचून जातीचा निर्णय होत नाही. त्यामुळे बंगालच्या शेतातील माशी ओळखण्यासाठी बंगाली अभ्यासकास परदेशी संग्रहालयाचे दार ठोठावावे लागते.

देशात जे राहिले, त्यावरही संकटे आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, कलकत्त्यातील संग्रह सुरक्षिततेसाठी वाराणसीस हलविण्यात आला, आणि १९४३ साली वरुणा नदीच्या पुराने त्याची मोठी हानी केली. गेलेला नमुना पुन्हा मिळत नाही. ज्या रानातून तो आणला ते रानही पुष्कळदा उरलेले नसते.

इतक्या कष्टाने केलेल्या यादीचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर उसाच्या फडात मिळते. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा पडला आणि पाहता पाहता तो महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊसपट्ट्यात पसरला. पानाच्या पाठीवर पांढरी लोकर, पानावर चिकट द्रव व त्यावर काळी बुरशी, असे त्याचे रूप होते. ही कीड शास्त्रास अपरिचित नव्हती. जावा बेटावर काम करणाऱ्या झेन्टनर याने तिला १८९७ साली नाव दिले होते, आणि भारतात ती पश्चिम बंगालमधून १९५८ साली नोंदली गेली होती. त्याच झेन्टनरने या माव्याच्या शरीरात अंडी घालणाऱ्या एन्कार्शिया जातीच्या गांधीलमाशीचे वर्णन १९०० साली करून ठेवले होते. ईशान्य भारतात ही माशी आढळत असल्यामुळे ती तेथून आणून दक्षिणेकडील उसात सोडता आली. मावा आटोक्यात आला तो एकट्या तिच्यामुळे नव्हे. डिफा ही मावा खाणारी अळी व मायक्रोमस हा कीटक यांचाही त्यात मोठा वाटा होता. तथापि शंभर वर्षांपूर्वी एका बेटावर लिहिलेल्या वर्णनाने सांगलीच्या शेतकऱ्यास मित्र मिळवून दिला, हे विसरता येत नाही.

नाव चुकले तर काय होते, हे ट्रायकोग्रामाच्या उदाहरणावरून कळते. पतंगांच्या अंड्यांत वाढणारी ही सूक्ष्म माशी प्रयोगशाळेत वाढवून, कार्डावर चिकटवून शेतात सोडतात. पूर्वी तिच्या जाती मुख्यतः अंगाच्या रंगावरून ओळखीत. परंतु रंग हवामानाप्रमाणे बदलतो. त्यामुळे एकाच नावाखाली निराळ्या जाती मोजल्या जात. बंगलोर येथे काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी व एच. नागराज यांनी नराच्या जननेंद्रियांची रचना हे ओळखीचे खात्रीचे लक्षण असल्याचे १९७१ साली साधार दाखविले. जाती दिसावयास सारख्या असल्या तरी प्रत्येकीचे आवडते भक्ष्य, सोसणारे तापमान व वंशवृद्धीचा वेग निराळा असतो. म्हणजे चुकीच्या नावाची माशी सोडणे हे एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगास देण्यासारखे होय.

आता असे म्हटले जाते की आनुवंशिक द्रव्याची तपासणी यंत्रावर होऊ लागल्यामुळे सूक्ष्मदर्शकावर डोळे शिणविणाऱ्या तज्ज्ञाची गरज उरणार नाही. हे मत टिकण्यासारखे नाही. यंत्र एका माशीचा अक्षरक्रम दुसरीच्या अक्षरक्रमाशी जुळतो की नाही एवढेच सांगते. नाव सांगावयाचे तर तो क्रम कोणा तरी तज्ज्ञाने आधी ओळखलेल्या व जपून ठेवलेल्या नमुन्याशी जोडलेला असावा लागतो. मूळ यादी कच्ची असेल तर यंत्र कच्चेपणाच अधिक वेगाने पसरवील.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. परंतु या कामास लागणारी साधने साधी आहेत. कापडी जाळी, झाडांमध्ये ताणलेला बारीक जाळीचा तंबू, साबणपाण्याने भरलेल्या पिवळ्या थाळ्या, मद्यार्काच्या बाटल्या व टाचण्या एवढ्यावर मोहीम चालते. खरा खर्च माणसाचा आहे. गांधीलमाश्यांच्या एका कुळावर अधिकाराने बोलू शकेल असा अभ्यासक घडण्यास दीर्घ काळ लागतो, आणि तो निवृत्त होण्यापूर्वी त्याच्या हाताखाली दुसरा तयार झाला नाही, तर त्याची दृष्टी त्याच्याबरोबरच जाते. पुस्तकातून ती पूर्णपणे परत मिळत नाही.

२०२४ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाने देशातील प्राण्यांची एकत्रित यादी कोलकात्यात प्रसिद्ध केली. तीत १,०४,५६१ जाती आहेत. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. पण ती अखेर नव्हे. यादीत नाव असणे म्हणजे ती जात आज कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या झाडावर व कोणत्या महिन्यात आढळते हे माहीत असणे नव्हे. अनेक नावांमागे एखाददुसरा जुना नमुना एवढाच आधार असतो. शिवाय सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्यांत अद्याप नाव न मिळालेल्या जाती नित्य सापडत आहेत.

म्हणून तीन गोष्टी अगत्याने व्हावयास हव्यात. पहिली, सर्वेक्षणातील व विद्यापीठांतील वर्गीकरणतज्ज्ञांच्या जागा रिकाम्या न ठेवता, निवृत्तीपूर्वीच उत्तराधिकारी नेमावेत. दुसरी, जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये नव्या जातीचे नमुने नियुक्त भांडारात जमा करावयाचे असतात. ही भांडारे अभ्यासकांस सुलभपणे खुली असावीत, आणि परदेशांतील मूळ नमुन्यांची उत्तम छायाचित्रे मिळवून येथे ठेवावीत. तिसरी, जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपापल्या परिसराचे संग्रह करून कोलकात्याच्या मुख्य संस्थेशी अथवा पुण्यासारख्या प्रादेशिक केंद्राशी जोडून घ्यावेत. सह्याद्रीच्या एका घाटाची वर्षभराची नीट चिठ्ठी लावलेली पेटी ही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक मोलाची देशसेवा आहे.

पुढील कीड केव्हा व कोठून येईल हे कोणीच सांगू शकत नाही. ती आली म्हणजे तिचा शत्रू शोधण्यास वेळ मिळत नाही. तो आधीच शोधून, ओळखून, त्याचे ठिकाण लिहून ठेवलेले असावे लागते. ती चिठ्ठी शांततेच्या काळातच लिहावयाची असते.